खूण केली होती

दादा बोलला ते तिच्या डाव्या बाजूला, आणि ते तिला ऐकू आलं. दुपारची जेवणं उरकली होती. ती टेबलाशी बसून सफरचंद चिरत होती, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत उभी होती, आणि दादा तिच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे, खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून. "डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला होता," तो वहिनीला म्हणाला. "म्हटलं, वर्षभर तरी पाण्यात उतरायचं नाही असं ठणकावून सांगा तिला. माझं कुठे ऐकते ती." वहिनीनं डोळ्यांनी गप्प केलं असावं, कारण तो हसला. "अगं, डावी बाजू आहे. तिथे तोफ डागली तरी वळून बघायची नाही ती." सुरी सफरचंदात अर्ध्यावर थांबली. ती वळली नाही. वळायचं नसतंच, इतके दिवस ती वळलेली नव्हती, आणि मानेला आता ती सवय झाली होती. तिनं फोड पूर्ण कापली, बी काढून टाकली, फोड तोंडात घातली आणि चावू लागली, आणि स्वतःच्या चावण्याच्या आवाजाच्या पलीकडे तिला दादाचा श्वास ऐकू येत राहिला. कानाच्या पडद्याला ठिगळ लावलं, महिनोन् महिने कापूस आणि मलमाच्या अंधारात ते जपलं, आणि त्या नव्याकोऱ्या पडद्यावर माणसाचं पहिलं धडधडीत वाक्य कोणतं वाजावं, तर हे.

म्हणजे कान आला होता. तशी चाहूल काही दिवसांपासून होती. ती कवळ्या बनवायची. डेंटल लॅबमधली तिची जागा खिडकीजवळ होती, समोर मेणाच्या पट्ट्या, प्लॅस्टरचे साचे आणि ज्यांची तोंडं तिनं कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या हिरड्या. प्लॅस्टरमधले बुडबुडे काढायला एक थरथरणारी चौकट असते, ती तिच्या डाव्या हाताला. गेल्या आठवड्यात ती चौकट चालू करून ती उजवीकडचं काहीतरी घ्यायला वळली, आणि पाठीमागून घुंऽऽ असा आवाज आला. आवाज आला म्हणजे डावीकडून आला. ती तशीच उभी राहिली होती. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक पहिल्यांदा मोठ्यानं म्हणतात "अगं बाई, खरंच?" आणि दुसऱ्यांदा तोंड हातानं झाकून कानामागे टिचक्या वाजवून बघतात. तिला आधी तो कान जरा एकटीनं वापरून बघायचा होता. आणि आता दादानं तो वापरला होता. सफरचंदाच्या साली ताटलीत गोळा करून ती उठली, उजवा कान पुढे करून दादाचा निरोप घेतला, "हो, जाते हळूहळू," असं म्हणाली, आणि रस्त्यावर आली. एखाद्या परक्यानं हात टाकावा तसं झालं होतं. कोणीतरी तिच्या डोक्याशी वाकून, तिच्या नाकासमोरून, तिचा कान उचलून नेला होता आणि कुलूप लावून ठेवला होता, आणि वर "तुझ्या भल्यासाठी" म्हणायची तयारीही करून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी "अजून वर्षभर पाण्याखाली नको" असं सांगितलं त्या दिवशी ती बसमध्ये रडली होती. ते आता आठवून तिला त्या रडण्याचाच राग आला. किती भाबडेपणानं रडलो आपण! शेजारच्या म्हातारीनं विचारलं होतं, "कोणी गेलं का?" आणि ती मान हलवून हो म्हणाली होती, कारण पाण्याखाली जाता येणार नाही म्हणून बाई रडते हे कोणाला सांगणार? नवरा गेला तेव्हा दादानंच तिला शहराबाहेरच्या त्या खाणीवर नेलं होतं. दगड काढून काढून खोल झालेली आणि मग पाण्यानं भरलेली जुनी खाण. दादाचा पाण्याखाली उतरायला शिकवणारा क्लब तिथेच. काठावर दोन खोल्या, सिलिंडरमध्ये हवा भरायचं मशीन, वाळत घातलेले रबरी पोशाख. "मन रमेल तुझं," तो म्हणाला होता, आणि ते खरं ठरलं, हे ती नाकारत नव्हती. पाण्याखाली कोणी "काळजी घे" म्हणत नसे. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवून उसासा टाकत नसे. तिचा तिचा श्वास, बुडबुड्यांची खळखळ, दगडात खोदलेल्या पायऱ्या खाली खाली जाणाऱ्या, आणि तळाशी रुळांवर तशीच उभी राहिलेली गंजकी ट्रॉली, जिच्यात आता मासे राहत. घरी नवऱ्याच्या खुर्चीकडे बघवत नसे. तिथे त्या ट्रॉलीकडे ती कितीतरी वेळ बघत बसे आणि तिला काही होत नसे. दादानं हे दिलं होतं. म्हणूनच की काय, ते काढून घ्यायचा अधिकारही आपलाच, असं त्याला वाटत असणार.

आणि फाडलं कोणी? हा प्रश्न तिनं इतके दिवस स्वतःलाच नीट विचारला नव्हता. त्या सकाळी तिचं नाक चोंदलं होतं. तिनं सांगितलंही, "दादा, सर्दीसारखं वाटतंय." तो म्हणाला, "पाण्यात गेलं की मोकळं होतं." दादा म्हणाला की होतं, असं लहानपणापासूनच होतं. पोहण्याच्या तलावात तो तिचं डोकं पाण्याखाली धरायचा, ती वर आली की हसत म्हणायचा, "आणखी थोडं राहिली असतीस." सायकल शिकवताना न सांगता हात सोडायचा. ती पडायची, तो टाळ्या वाजवायचा, आई म्हणायची, "बघ, भावानं शिकवलं म्हणून आली." ती कुठे धीटपणे उभी राहिली की ते दादानं शिकवलेलं असे, आणि कुठे कचरली की ती तिची स्वतःची भीती असे. तर त्या सकाळी दोर धरून दोघं खाली उतरत होते. थोडं खाली गेल्यावर डावा कान दाबला जाऊ लागला. तिनं नाक चिमटीत धरून हवा ढकलली, उजवा कान टप्कन उघडला, डावा बंदच. तिनं हात पसरून तळवा असा आडवा हलवला, मग बोट कानाकडे नेलं. पाण्याखाली पहिल्या दिवशी शिकवतात ती खूण. कान उघडत नाही, थांबा. दादानं पाहिलं. मास्कच्या काचेतून त्याचे डोळे सरळ तिच्या हाताकडे होते. त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, आणखी थोडं. तिनं पुन्हा खूण केली. तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

मग कानात एक बारीक, कापड फाटल्यासारखा आवाज, आणि दुखणं एकदम नाहीसं झालं. तेच भयंकर होतं. थंड पाणी डोक्याच्या आत शिरलं आणि खाण फिरू लागली, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना, दादा तिच्याभोवती तीन-चार ठिकाणी दिसू लागला. तिनं मनगट सोडवून घेतलं आणि दोराला दोन्ही हातांनी मिठी मारली. डोळे मिटले. श्वास रोखायचा नाही, एवढं एकच ती स्वतःला सांगत राहिली. गरगरणं थांबलं तसं एकेक हात वर सरकवत ती वर आली, श्वास सोडत, सावकाश, जसं यायला हवं तसं. काठावर आल्यावर रबरी टोपी काढली तर गालावरून रक्त. आणि त्याच संध्याकाळी दादानं ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. "दोराला अशी मिठी मारली हिनं! सख्खा भाऊ शेजारी, आणि ही दोरालाच भाऊ मानून बसली!" लोक हसले. तिच्या कानात तेव्हा कापूस होता आणि तीसुद्धा हसली. मग ती गोष्ट वाढत गेली. नातेवाइकांकडे, क्लबात, एकदा तर डेंटल लॅबमध्ये तिला न्यायला आला असताना तिच्या मालकिणीसमोर. घाबरली, घाबरली, घाबरली. ऑपरेशनला कानामागचाच एक पापुद्रा काढून आत शिवला, तिला नाक शिंकरायची बंदी झाली, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. जिभेची डावी कड कित्येक दिवस लोखंड चाटल्यासारखी राहिली. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा. झोपायचं फक्त उजव्या कुशीवर. हे सगळं तिनं भोगलं ते घाबरल्याची शिक्षा असल्यासारखं. कोणी एकदाही विचारलं नाही, पडदा फाटला कसा? भित्र्या माणसाचे पडदे आपोआप फाटत असावेत.

दादाचं बोलणं ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमधून लवकर निघून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तिच्याहून वयानं लहान, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला तुटक पण हात हलके. त्यांनी दुर्बीण लावून कानात पाहिलं, नाक धरून हवा ढकलायला लावली, पडद्याची हालचाल पाहिली, बंद खोलीत बसवून पुन्हा आवाज ऐकवले. "छान धरलंय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या शिवणकामावर खूष झालेल्या बाईसारख्या जराशा हसल्या. "इतकं चांगलं नेहमी होत नाही."

"मग पाण्यात का नको?"

"वर्षभर थांबलेलं बरं, असं मी—"

"असं तुम्ही ठरवलं, का माझ्या भावानं?"

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण ठेवून दिली. हात धुतले. पाठमोऱ्या असतानाच म्हणाल्या, "त्यांचा फोन आला होता. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"कान कोणाचा आहे, डॉक्टर?"

तिचा आवाज तिला स्वतःलाच डाव्या कानात मोठा वाटला. बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटनी दाराकडे पाहिलं असणार. बाई वळल्या, खुर्चीत बसल्या. "हे बघा, कान दुरुस्त झालाय की नाही ते मला दिसतं. पण माणूस पाण्याखाली घाबरून श्वास रोखून झपकन वर आला तर फुप्फुस फाटतं, जीव जातो. तुम्हाला शिकवणारा माणूस मला सांगतो, ही घाबरते. मी काय करायचं? कान शिवता येतो, भीती शिवता येत नाही."

"मला विचारता आलं असतं."

टेबलावरचं प्लॅस्टिकचं कानाचं मॉडेल त्यांनी उगाच सरळ केलं. "हो," त्या म्हणाल्या, "ते आलं असतं. चुकलं माझं." आणि हे इतक्या साधेपणानं आलं की तिचा राग क्षणभर कुठे टेकावं ते न कळून अधांतरी राहिला. मग तिनं सांगितलं. सर्दी, दोर, खूण, पुन्हा खूण, मनगट. कोणाला तरी पहिल्यांदाच क्रमानं सांगत होती, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की या गोष्टीत हसण्यासारखं कुठेच काही नाही. ती हसली का होती मग? डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उतरा. पाय खाली, डोकं वर. दोर सोडायचा नाही. दुखायच्या आधी हवा ढकलायची, दुखल्यावर नाही. जोर लावायचा नाही. नाही उघडला कान तर वर. सर्दी असेल तर काठावर बसून मासे मोजा. आणि खूण बघणारा माणूस बरोबर न्या."

सुट्टीच्या दिवशी ती खाणीवर गेली तेव्हा सकाळचं ऊन पाण्यावर अजून पुरतं आलं नव्हतं. क्लबच्या अंगणात पाच-सहा जण पोशाखांत पाय घालत उड्या मारत होते, आणि दादा मध्ये उभा राहून कोणाला तरी काहीतरी सांगत होता, म्हणजे लोक हसत होते. तिला पाहून त्यानं हात पसरले. "या, या! काठावरून बघायला?"

"उतरायला," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांना तू फोन केला होतास तेही त्यांनी सांगितलं. त्याआधी तूच सांगितलं होतंस म्हणा, माझ्या डाव्या बाजूला."

त्याचा चेहरा कसा होतो ते बघायचं तिनं आठवडाभर मनात घोळवलं होतं. पण चेहरा फारसा काही झाला नाही. दादानं तिचा दंड धरून तिला हवा भरायच्या खोलीकडे नेलं, जिथे मशीनच्या धडधडीत वहिनी सिलिंडरना नळी लावत होती. "ऐकू येतं तुला? मग सांगायचं नाही का! चांगली बातमी अशी लपवतात?" म्हणजे गुन्हा पुन्हा तिचाच. "हे बघ, तुझ्या भल्यासाठीच केलं. मला काय हौस आहे? पुन्हा काही झालं तर लोक मला विचारणार. आईला मी काय सांगू?"

"तू खूण पाहिली होतीस, दादा."

"कसली खूण?"

"कानाची. दोनदा."

"पाण्यात कोणाला काय दिसतं गं!" तो म्हणाला, आणि हसला, आणि ते हसणं तिनं ओळखलं. तलावातलं हसणं. तिच्या नाकातोंडातून पाणी येत असायचं आणि वर तोंड काढल्यावर हे हसणं दिसायचं. "बरं, हट्टच आहे तर माझ्याबरोबर चल. मी हात धरून नेतो."

"तुझ्याबरोबर नाही. मी कासवाबरोबर जाणार."

कासव म्हणजे क्लबातला, लिफ्ट दुरुस्त करणारा एक निवृत्त गृहस्थ. प्रत्येक गोष्टीला वेळ लावायचा म्हणून हे नाव पडलेलं आणि त्यानं ते आनंदानं घेतलेलं. 'आयुष्यभर वर-खाली केलं, आता ओल्यात करतो,' हा त्याचा एकमेव विनोद. तिनं त्याला आधीच फोन करून विचारलं होतं. त्यानं बराच वेळ घेऊन हो म्हटलं होतं.

दादाचा आवाज आता बदलला. "क्लब माझा आहे. मी सिलिंडर देणार नाही म्हटलं तर?"

मशीन थांबलं. वहिनीनं नळी काढली, भरलेलं सिलिंडर दोन्ही हातांनी उचललं, चार पावलं चालून आली आणि तिच्या पायाशी उभं केलं. "तू कशाला मध्ये पडतेस?" दादा म्हणाला. "मध्ये कुठे," वहिनी म्हणाली, "बाजूलाच ठेवलंय," आणि परत जाऊन दुसऱ्या सिलिंडरला नळी लावू लागली. तिला वहिनीकडे बघून हसावंसं वाटलं, पण हसू आलं नाही. तिला वहिनीचाही राग होता. त्या दिवशी काठावर टॉवेल घेऊन वहिनीच उभी होती, रक्त तिनंच पुसलं होतं, आणि गोष्ट सांगितली जायची तेव्हा वहिनी ताटं उचलून आत जायची. आत जायची, पण हसायची नाही, हेही तिला आत्ता आठवलं.

पाण्यानं तिला पहिल्यांदा मानेपाशी धरलं, मग गालांवर. उजवा कान बुडला, डावा बुडला. टोपीच्या आतून थंडी कानाच्या भोकाशी येऊन थांबली आणि तिचं सगळं अंग त्या एका जागेभोवती आवळलं. कवळी घासताना तिचं असं होतं. घासायचं चाक फिरत असतं आणि हिरडी इतकी पातळ राहिलेली असते की आरपार उजेड दिसतो. तिनं दोर धरला. समोर कासव, पाय खाली, एका हातात दोर, डोळे तिच्यावर. तिनं दुखायच्या आधी नाक धरलं. उजवा टप्कन. डावा नाही. मग डाव्यात एक बारीकशी किरकिर झाली, जुन्या कपाटाचं दार हळूच लोटावं तशी, आणि तोही उघडला. ती खाली सरकली. पुन्हा नाक. पुन्हा किरकिर. पाणी हिरवं होत गेलं. पायऱ्यांच्या कडा दिसू लागल्या, त्यांच्यावर मऊ शेवाळ. आणि मग थंडीचा तो थर आला, जिथून खालचं पाणी उन्हाला कधी भेटलेलं नसतं. तिनं हवा ढकलली. डावा कान बंद. पुन्हा हलकेच ढकलली. बंद. कानात अंगठा दाबून धरल्यासारखं.

तिनं हात पसरून तळवा हलवला आणि बोट कानाकडे नेलं.

कासव थांबला. एवढंच. थांबला, स्वतः हातभर वर सरकला, तिलाही वर यायला खुणावलं, आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या बुडबुड्यांची माळ वर जात होती, तो अजिबात घाईत नव्हता, एखाद्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. आणि तेव्हा, त्या थंडीत, दोर धरून असताना, राग तिला असा आला की तिला वाटलं आपल्या भोवतीचं पाणी उकळेल. इतकं सोपं होतं! थांबायचं होतं फक्त. काही द्यायचं नव्हतं, काही गमवायचं नव्हतं, हातभर वर यायचं होतं. जे या म्हाताऱ्या माणसाला एका क्षणात जमलं ते ज्यानं तिला पाळण्यापासून पाहिलं त्याला जमलं नाही. नाही जमलं कसं? करायचं नव्हतं त्याला. तिचा हात हलत होता आणि त्याला दिसत होता आणि त्याला वाटलं, हिचं काय ऐकायचं. त्या एवढ्याशासाठी तिचं कातडं कापलं, ती महिनोन् महिने एका कुशीवर झोपली, लोक तिच्या डाव्या बाजूला उभं राहून तिच्याबद्दल बोलले. मास्कच्या आत तिचे डोळे गरम झाले. तिनं तोंडातल्या नळीत जोरानं काहीतरी म्हटलं, काय ते तिलाही कळलं नाही, पण मोठा बुडबुडा सुटला आणि कासवानं भुवया उंचावल्या. तिनं ठीक आहे अशी खूण केली. घोट गिळला. आणि गिळताना, ढकलायच्या आधीच, डावा कान आपसूक उघडला.

तळाशी ट्रॉली होती तिथेच होती. मासे आत-बाहेर करत होते. ती गुडघ्यांवर टेकली, शिशाच्या पट्ट्यानं कंबर जड झालेली, आणि तिला वाटलं होतं की आता राग निवेल, इथे सगळं निवतं. पण तो निवला नाही. तो तिच्याबरोबर खाली आला होता आणि तिच्या शेजारी टेकला होता. तरी ती रागानंच बघत राहिली, आणि बघताना श्वास मात्र संथ चालू होता, आत, बाहेर, आणि दोन्ही कानांना तो सारखाच ऐकू येत होता.

वर आल्यावर अंगणातले लोक पायऱ्यांशी आले. दादा सगळ्यांच्या पुढे. टाळ्या वाजवत. "बघा! भीती मोडली की नाही? शेवटी शिष्या कोणाची!" कोणीतरी हसलं. तिनं काही न बोलता सिलिंडर उतरवलं आणि कपडे बदलायच्या खोलीत गेली. बाकावर बसली. टोपी काढली, बोटानं कान चाचपला. रक्त नव्हतं. दारावर टकटक झाली आणि दादा आत आला, दार लोटून घेतलं, आणि तिच्या उजव्या बाजूला उभा राहायला गेला. मग थांबला आणि समोर उभा राहिला.

"रागावलीस?"

ती बघत राहिली. तिला वाटलं हा आता काहीतरी विनोद करणार. पण दादा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि ओल्या फरशीकडे बघू लागला. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेले तिनं आज पाहिले. "पाहिली होती," तो म्हणाला. "खूण. मला वाटलं, नेहमीसारखं करतेय. थोडं ओढलं की येते. नेहमी यायचीस." त्यानं फरशीवरचं पाणी पायानं बाजूला सारलं. "रक्त पाहिलं तेव्हा हातपाय गळाले माझे. मग लोकांनी विचारलं, काय झालं, आणि तोंडातून आलं, घाबरली. एकदा आलं की मग..."

"आणि डॉक्टरांना?"

"वाटलं, तू पुन्हा नीट उतरलीस तर सगळे विचारतील, मग तेव्हा काय झालं होतं?"

इतकं खरं तो तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. आईनं ठेवायला लावला असता. हात तिनं मांडीवरच ठेवला. "हे बाहेर जाऊन सांग," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"घाबरली हे सगळ्यांसमोरच सांगितलंस."

"अगं, माझा क्लब आहे. लोक शिकायला येतात माझ्याकडे."

"म्हणूनच."

बाहेर मशीन धडधडत होतं. मग तो उठला, आणि ती त्याच्यामागून गेली, कारण एकटा गेला तर त्याची गोष्ट होईल हे तिला ठाऊक होतं. अंगणात तो उभा राहिला, सवयीनं त्याचे हात पसरले, "ऐका रे," तो म्हणाला, आणि लोकांनी हसायच्या तयारीनं माना वळवल्या. त्याचे हात खाली आले. "त्या दिवशी ही घाबरली नव्हती," तो म्हणाला. "कान उघडत नाही म्हणून हिनं खूण केली. दोनदा. मी पाहिली. मी ओढलं." त्याला गोष्ट सांगता येत नव्हती. शब्द सुटे सुटे पडत होते. कोणी हसलं नाही. कोणीतरी पोशाखाची चेन ओढत होतं, ती मध्येच थांबली. वहिनीनं मशीन बंद केलं आणि ती दारात येऊन उभी राहिली, आणि या वेळी आत गेली नाही.

तिला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. राग होता तसाच होता, फक्त आता तो तिला एकटीला धरून बसावा लागत नव्हता. लोक हळूहळू आपापल्या कामाला लागले, दादा सिलिंडर उचलून उगाच इकडचे तिकडे ठेवू लागला. कासव पायरीवर बसून पायांत पोहायचे रबरी फिन चढवत होता. एक चढवायला त्याला बराच वेळ लागला. दुसरा चढवायच्या आधी त्यानं मान वर करून विचारलं, "अजून एक बुडी?"

तिनं घोट गिळून पाहिला. डावीकडे बारीकसं ठणकत होतं.

"नको," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "आज कान दुखतोय."

"बरं," कासव म्हणाला, आणि चढवलेला फिन तितक्याच सावकाशीनं पायातून काढू लागला.